ओसाड लिहिलेलं गाव

दीपमाला आली तेव्हा अन्नपूर्णाबाई ओट्यावर जुन्या लुगड्याचं फडकं अंथरून मुगाच्या वड्या घालत होत्या. होळी पंधरा दिवसांवर आली होती. वड्या वाळवायला याच्यासारखे दिवस नाहीत, असं बाईंचं म्हणणं. दीपमालाने स्कूटी चिंचेखाली लावली आणि पिशवी सांभाळत ओट्याच्या कडेला टेकली.

“बाई, हात धुता का? काही दाखवाचं होतं.”

“तू वाच, मी ऐकते. वाटलेली डाळ माझ्यासाठी थांबत नाही.”

दीपमाला ही कवठाळी रिठाच्या शाळेची मास्तरीण. शेगावकडची पोर, सहा वर्षांपूर्वी इथे नेमणूक झाली. त्या शाळेत पहिली ते चौथीची सतरा मुलं, दोन खोल्या आणि शिकवायला ती एकटी. बाई शेजारच्या आसरखेडात राहायच्या. तिथल्या मोठ्या शाळेतून निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती. तरी काही अडलं की दीपमाला त्यांच्याच ओट्यावर यायची, कारण बाईंना गावातलं माणूस न् माणूस ठाऊक. कोण कोणाचा साडू, कोणाची आजी कोणत्या गावची, इथपर्यंत.

वरून पत्र आलं होतं. प्रत्येक शाळेने आपल्या भोवतीच्या वस्तीची ओळख लिहून पाठवायची. घरं किती, माणसं किती, सहा वर्षांखालची लेकरं किती, शिकलेले किती, मजुरी करणारे किती. आकडे जनगणनेचेच घ्यायचे, मनाचे नाहीत. आणि शेवटची जनगणना झाली दोन हजार अकरा साली, म्हणून सगळ्यांनी पंधरा वर्षांमागचे आकडे उतरवायला घेतले होते.

दीपमालाने आधी आसरखेडचा कागद वाचला. नुसती गंमत म्हणून, बाईंना आवडेल म्हणून. बाई वड्या घालता घालता ऐकत होत्या आणि आकड्याआकड्याला थांबवत होत्या.

“शेतमजूर बायका तीनशे एकाहत्तर,” दीपमाला म्हणाली.

“थांब. याचा अर्थ लिहिलास का? अर्ध्या गावाला सकाळी सातला बाहेरून कडी लागते. पोरीची वेणी घालायला घरात कोणी नाही. म्हणून ती पोर उशिरा येते. मास्तर म्हणतात आळशी आहे.”

“हे कोणत्या रकान्यात लिहू, बाई?”

“रकाना नसेल तर समासात लिही.”

“सहा वर्षांखालचे मुलं एकशे एकोणचाळीस, मुली एकशे सहा.”

बाईंनी बोटं फडक्यावर निपटली. त्या वर्षी अंगणवाडीच्या दारात चपलांची रांग असायची, तीत छोट्या लाल-गुलाबी चपला कमीच दिसायच्या. त्यांना तेव्हाच ते खुपलं होतं, पण आकडा असा पहिल्यांदाच कानावर आला.

“आता आमचं,” दीपमालाने दुसरा कागद काढला. “कवठाळी रिठ. घरं शून्य. माणसं शून्य. बायका शून्य, लेकरं शून्य, शिकलेले शून्य. सगळ्या पानावर शून्यच येऊन राह्यले बाई. खाली लिहिलं आहे, निर्जन गाव. काहीतरी कॉम्प्युटरची गडबड झाली असन.”

बाईंचा हात तसाच राहिला. एक वडी बोटांवरून ओघळून फडक्यावर पसरली.

“गडबड कॉम्प्युटरची नाही,” त्या म्हणाल्या. “ते मी लिहिलं आहे.”

*

वऱ्हाडात रिठं पुष्कळ. फार मागे कधी पटकीने, कधी प्लेगाने गाव उठून गेलं, माणसं शेजारच्या गावात जाऊन राहिली, पण सरकारदरबारी गावाचं नाव, शीव आणि नकाशा कायम राहिला. कवठाळीचं तसंच झालं होतं. बाईंच्या लहानपणी तिथे एक पडका मारुती, एक बुजलेली विहीर आणि कवठाची झाडं एवढंच होतं. पोरं कवठं पाडायला जायची आणि दिवस मावळायच्या आत परत यायची.

नंतर पाटाचं पाणी आलं. आसरखेडच्या मळेकऱ्यांनी रिठाच्या शिवारात वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर, कांद्याचं बी असं सुरू केलं. पहाटे तोडलेला भाजीपाला शेगावच्या बाजारात नेला की हातोहात जायचा. भाजीला माणूस जवळ लागतो. आधी पडवी, मग खोली, मग न्हाणी, मग तुळस. दहा-पंधरा वर्षांत तिथे चौदा घरं झाली. आसरखेड आणि रिठ यांच्यामध्ये नाला, पावसाळ्यात चार-चार दिवस उतार मिळत नाही, म्हणून दोन हजार दोन साली तिथे वस्तीवरची शाळा आली. पुढे तिला दोन पक्क्या खोल्या झाल्या.

बाईंनी चार जनगणना केल्या. एक्याऐंशीची पहिली, तेव्हा त्या नव्याने नोकरीला लागलेल्या. तेव्हाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. घरात गेलं की आधी अर्धा घंटा कोडी सुटायची. “आपण दिवाळीले आंगणात लावतो ना, थे.” मग बाईंनी ‘दीपक’ लिहायचं आणि ती बाई तोंडावर पदर घेऊन मान हलवायची. लेकरं किती असं विचारलं तर एखादं कमीच सांगायच्या, दृष्ट लागते म्हणून. बाई घराच्या बाहेर वाळत घातलेली झबली बघायच्या आणि बरोबर आकडा काढायच्या. एवढी त्यांची नजर.

अकरा साली त्यांच्याकडे आसरखेडचा खालचा भाग आणि कवठाळी रिठ असं दोन्ही आलं. फेब्रुवारीत, रिठाकडे जायचं त्याच्या आदल्या दिवशी, शेषराव घरी आले. रिठात त्यांच्या चार पोरांची चार घरं होती. स्वतः शेषराव गावातल्या जुन्या घरात राहायचे. गावात त्यांच्या शब्दाला मान होता, पंगतीत पहिलं पान त्यांचं. ते ओट्यावर बसले नाहीत. उभ्या उभ्या त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

“बाई, आमचं घर एकच लिवा.”

“शेषरावजी, नियम असा आहे की जे एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. तुमच्या पोरांच्या चार चुली आहेत. मी स्वतः पाहिल्या आहेत. आणि माणूस जिथे राहतो तिथेच लिहायचा असतो.”

“पोळ्याले सगळे माह्याच चुलीवर जेवतेत. अखाडीले जेवतेत. त्या दिशी मोजा.”

“पोळ्याला जनगणना येत नाही हो.”

म्हातारा हसला, मग टोपीची घडी घालत म्हणाला, “बाई, दहा सालानं हा कागद होते. पुढच्या कागदाले मी नसन. माह्या जित्यापणी, सरकारच्या बुकात, शेषरावचं घर फुटलं असं नका लिवू. पोट्टे वावरात राहतेत. राखणीले. बस.”

बाईंनी त्यांना चहा दिला, विषय बदलला, आणि ते गेल्यावर बराच वेळ विचार केला. कोणाचं काय बिघडणार होतं त्यात? माणसं मोजली जाणारच होती, फक्त नाल्याच्या अलीकडे. एकही जीव गाळला जात नव्हता. त्यांनी शेषरावांच्या नावाखाली चारी पोरं, सुना, नातवंडं एका दमात लिहिली. सव्वीस माणसांचं घर. दुसऱ्या दिवशी रिठात गेल्या तर तिथले महादेवराव वाटच बघत होते. शेषरावचं एक घर लिहिलं, तर आमचं का फुटलेलं दिसावं? मग त्यांचं तसंच, त्यांच्या भावकीचं तसंच. पहिलं वेगळं कोणालाच व्हायचं नव्हतं. संध्याकाळी बाई नाला उतरून परत आल्या तेव्हा रिठाच्या चौदाही घरांपुढे ‘शेतातलं घर, राहतं कोणी नाही’ असं लिहिलेलं होतं. बेरजेच्या ओळीत शून्य.

त्याच वेळी शाळेतून सुटलेली रिठातली पोरं त्यांच्या मागे मागे नाल्यापर्यंत आली होती. हे बाईंना आज, वड्यांपुढे बसल्या बसल्या आठवलं.

*

दीपमालाने सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही. तिने पिशवीतून तिसरा कागद काढला, तो तिने मुद्दाम शेवटी ठेवला होता.

वीसपेक्षा कमी मुलं असलेल्या शाळांचं काय करायचं, ते आता ठरायचं होतं. ज्या वस्तीत माणसं राहतात आणि मध्ये नदी-नाला आहे, तिथली शाळा राहील. बाकीच्या जवळच्या मोठ्या शाळेत मिसळतील. वस्ती आहे की नाही ते जनगणनेवरून बघायचं.

“म्हणजे माझ्या शून्यावरून,” बाई म्हणाल्या.

“हाव.”

“आणि मिसळली तर?”

“पोरं जातीन काही दिवस आसरखेडले. मंग पाऊस लागला की नाई जाणार. पोरी तं पयल्या बंद होतीन. माझ्याकडे सतरात अकरा पोरी आहेत बाई. तिसरीत पूनम आहे, कडूबाभाऊची नात. तिले भागाकार शिकवला तर ती मले म्हणते, मॅडम, उरलेल्याचं काय करतेत?”

बाई उठल्या. हात धुतले. अर्ध्या डाळीवर ताट झाकलं, आणि बाहत्तराव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा दीपमालाच्या स्कूटीवर मागे बसल्या.

रिठात आता एकोणीस घरं होती. तीन दिवस त्या दोघी घरोघर फिरल्या. बाईंनी जुन्या सवयीने वहीत ओळी आखल्या: नाव, वय, नातं, शिक्षण, धंदा, चूल. एकशे तीन माणसं भरली. सहा वर्षांखालची चौदा. प्रत्येक घराकडून एका कागदावर सही घ्यायची होती: आम्ही कवठाळी रिठात राहतो, आमची चूल वेगळी आहे.

तिथेच घोडं अडलं. सगळे म्हणाले, कडूबाभाऊ सही करतीन तं आम्ही करू. कडूबा हा शेषरावांचा मोठा मुलगा, आता पंचावन्न ओलांडलेला. शेषराव जाऊन सहा वर्षं झाली होती. आणि कडूबा म्हणाला, “मायले इचारा. ती म्हनन तं करतो.”

त्याची माय सुभद्राबाई बाजेवर बसून वाळल्या मिरच्यांचे देठ खुडत होती. वय त्र्याऐंशीच्या आसपास, कान चांगले, डोळे गेल्यासारखेच. कडूबाची बायको बेबीताई चहाच्या कपबशा घेऊन बाहेर आली आणि बाईंपुढे जरा जोरातच ठेवल्या.

“पंधरा सालानं याद आली का बाई तुमाले आमची? सासऱ्याची अब्रू राह्यली, अन् नातीची शाळा चालली.”

“बेबे, गप वं,” सुभद्राबाई म्हणाली.

“काऊन गप? मी का खोटं बोलून राह्यली? लगन होऊन आल्यापासून इथं राहतो. पाचही लेकरं इथं झाले. अन् बुकात काय, तं इथं कोनी नाई राहत. मंग मी भूत हाओ का?”

“बोलू द्या त्यांना,” बाई म्हणाल्या. “खरं आहे ते.”

सुभद्राबाईने मिरच्यांचं सूप बाजूला सारलं. “बाई, त्यायनं तुमच्यापुढं टोपी काढली होती म्हनतेत.”

“हो.”

“माह्यापुढं कदी नाई काढली.”

बेबीताईसुद्धा हसली. वांग्याच्या वाफ्यात कोणीतरी पाणी वळवत होतं, त्याचा आवाज येत होता.

“काय लिवलं वाचून दाखवा,” म्हातारी म्हणाली.

बाईंनी वाचलं. सुभद्राबाई, शेषराव यांच्या पत्नी, मुलगा कडूबा यांच्या चुलीवर जेवतात, राहणार कवठाळी रिठ.

“बाकीच्या तिघायची?”

“त्यांच्या आपापल्या.”

“म्हंजे चार.”

“चार.”

नवऱ्याला म्हातारीने दिलेला शब्द असा काही नव्हता, पण घरात चार चुली आहेत हे ती परक्यासमोर कधी बोलली नव्हती. सुना भांडल्या तरी शेजारणीला सांगायची, पोट्ट्यायले वावर दूर पडते म्हून तिकडंच रांधतेत. तिने अंगठा पुढे केला, दीपमालाने त्याला शाई लावली, आणि तिने तो कागदावर टेकवला. तिने तो पदराला पुसला नाही. तसाच हवेत धरून बसली.

“वाळला की पुसतो,” म्हणाली.

त्या संध्याकाळी एकोणीस सह्या झाल्या. तीन घरी भाऊ-भाऊ एकमेकांकडे न बघता सही करत होते.

*

तालुक्याच्या गावी जायला बस मिळाली ती उभ्यानेच. शिक्षणाच्या कार्यालयात साहेबांनी मात्र बाईंना लगेच खुर्ची दिली. साहेब तरुण होते, नम्र होते. बाईंना वाटलं होतं की कोणी उर्मट भेटेल, हाकलून देईल, मग त्या खणखणीत बोलतील. सगळं बोलणं बसमध्ये तयार करून आणलं होतं. इथे भांडायला कोणी नव्हतं.

“तुमचं खरं आहे, बाई. मी स्वतः त्या रस्त्याने गेलो आहे, घरं पाहिली आहेत. पण हे बघा.” त्यांनी संगणकाचा पडदा बाईंकडे वळवला. एक तक्ता होता. कवठाळी रिठाच्या पुढे एक चौकोन होता, बाकीच्यांपेक्षा मळकट रंगाचा, आणि त्यात शून्य. “हा रकाना भरूनच येतो. मी यात बोट लावू शकत नाही. बाकीचं मी भरतो, हा येतो.”

दीपमालाने वही पुढे केली. “सर, एकशे तीन माणसं आहेत. सह्या आहेत. सतरा मुलांचे फोटो आहेत, रोजच्या हजेरीसहित.”

“मुलं आहेतच ना. पण त्यांच्या आधारवर पत्ता कुठला आहे? आसरखेड. रेशनकार्ड आसरखेड. मतदार यादी आसरखेड. कागदावर काय दिसतं, तर आसरखेडची सतरा मुलं गावातली शाळा सोडून नाला ओलांडून निर्जन गावात शिकायला जातात. वरून मलाच विचारतील.”

दीपमालाने वही मिटली. कारण कागदावर खरंच तसं दिसत होतं.

“तो आकडा चुकीचा आहे,” बाई म्हणाल्या. “मी सांगते. तो मीच लिहिला. मी प्रगणक होते.” पुरावा म्हणून त्यांनी पिशवीतून एक प्रमाणपत्र काढलं. अकरा सालच्या कामाबद्दल मिळालेलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं, कोपरे सुद्धा दुमडले नव्हते.

साहेबांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, वाचलं, आणि तसंच परत दिलं.

“यात लिहिलंय, अत्यंत अचूक काम केल्याबद्दल.”

“हो.”

“मग चूक म्हणून मी काय पुरावा लावू, बाई?” त्यांचा आवाज चेष्टेचा नव्हता. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. मग पुढे वाकून हळू म्हणाले, “आणि मी लिहिलं, चुकीचं लिहिलं, असं कुठे लेखी देऊ नका. या वयात तुम्हाला त्रास नको.”

“मला होऊ द्या त्रास. शाळा राहील का त्याने?”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. “नाही,” म्हणाले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. नवीन जनगणना आलीच आहे. आधी घरांची यादी, पुढच्या फेब्रुवारीत माणसांची मोजणी. मग आकडे जाहीर होतील, मग ते या रकान्यात येतील. त्याला दोन वर्षं लागतील, कदाचित जास्त. तेव्हा वस्तीवर माणसं दिसली की नव्या शाळेचा प्रस्ताव टाकता येईल.

“आणि ही शाळा?”

“जूनपासून आसरखेडला. मॅडमचीही नेमणूक तिथेच राहील, काळजी करू नका.” त्यांनी एकोणीस सह्यांचा कागद दीपमालाच्या हातात परत दिला. “हा माझ्याकडे ठेवून उपयोग नाही. तुमच्याजवळच असू द्या.”

बाहेर आल्यावर दीपमाला म्हणाली, “बाई, उसाचा रस घेता का?” बाई नको म्हणाल्या. परतीच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली.

*

मे महिन्यात मोबाइल घेऊन एक माणूस आला आणि त्याने रिठातली एकोणीसही घरं यादीत घातली. बेबीताईने त्याला ताक दिलं. दारापुढे उभी राहून ती म्हणाली म्हणे, “नीट घाला भाऊ, आमी राहतो इथं.” त्याने नीट घातली. जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं. बाकं, फळा, तांदळाची कोठी, सगळं ट्रॅक्टरने आसरखेडला आणलं. शाळेच्या भिंतीवर दीपमालाने पोरांकडून रंगवून घेतलेला पाढा तेवढा तिथेच राहिला, तो आणता येण्यासारखा नव्हता.

सुरुवातीला सतराही पोरं आली. आषाढात नाल्याला पाणी चढलं तशी नऊ आली, मग चार. दीपमाला सकाळी नाल्यापर्यंत जायची, पलीकडे पोरं दप्तरं डोक्यावर घेऊन उभी असायची, आणि ती हाताने परत जा म्हणून खुणावायची. बाई हे ऐकायच्या. दोनदा स्वतः गेल्या. तिसऱ्यांदा दीपमालानेच त्यांना येऊ दिलं नाही.

मग जे व्हायचं ते व्हायला लागलं. पूनमच्या आईने नवऱ्याजवळ धोशा लावला, पोरीचं शिक्षण बुडते, आपण गावात राहू. जुन्या घराची एक खोली झाडून ती पोरींना घेऊन आली. बेबीताईही नातींच्या पाठोपाठ आली, सुनेला एकटीला जमणार नाही म्हणून. नागपंचमीनंतर महादेवरावांच्या घरातल्या दोन सुना आल्या. पोळ्यापर्यंत सात घरं गावात उतरली होती. पुरुष दिवसा वावरात, रात्री इकडे. ज्यांना लहान लेकरं नव्हती ते राहिले, पण वस्ती अर्धी झाली की रात्री भीती वाटते, मग तेही निघाले.

दीपमाला एका रविवारी आली. तिने जनगणनेच्या कामासाठी नाव दिलं होतं आणि रिठाचा भाग मागून घेतला होता.

“या खेपेला मी एक माणूस सोडणार नाही बाई,” ती म्हणाली.

“किती घरं आहेत आता तिकडे?”

दीपमालाने बोटं मोजली. एका हाताची पुरली. “दिवाळीनंतर दोन राहतीन म्हणतेत.”

फेब्रुवारी पाच महिन्यांवर होता.

तेवढ्यात कडूबाच आला. त्याला ओट्यावर बसवत नव्हतं. “बाई, तुमी चाला. माय आइकत नाई. रातच्याले खोकलते, दिवसा जवळ कोनी नाई. मी रोज तिकडं निजतो, पन माह्याही पाठीनं होत नाई आता. बेबी म्हनते गावात घेऊन या, ती म्हनते नाई येत. तुमचं आइकन ती.”

नाल्याला त्या दिवशी घोट्याएवढंच पाणी होतं. स्कूटी अलीकडे ठेवून तिघं पायी गेली. वस्तीत शिरताना बाईंना दोन्ही बाजूंची कुलपं दिसली. एका आंगणात तुळस वाळली होती. सुभद्राबाई त्याच बाजेवर बसली होती आणि पायांच्या आवाजावरूनच तिने ओळखलं.

“बाई आल्या का? कडू, चहा ठेव. तुलेच ठेवा लागन, बायका तं गेल्या.”

बाई जवळ बसल्या. गावातल्या खोलीबद्दल बोलल्या, नातींबद्दल बोलल्या, पूनम आता रोज शाळेत जाते आणि संध्याकाळी आजीची आठवण काढते असं म्हणाल्या. म्हातारी सगळ्याला हो हो करत होती.

“मग चलता ना?”

“मी अंगठा देला, बाई.”

बाईंना आधी कळलं नाही.

“मी इथं राहतो म्हून अंगठा देला. त्यायच्या शब्दाच्या वर जाऊन देला. आता तिकडं जाऊन बसलो तं तो खोटा होते.”

“सुभद्राबाई, तो कागद त्यांनी घेतलाच नाही हो. परत दिला. दीपमालाच्या पिशवीत आहे अजून. कोणी बघितलासुद्धा नाही.”

“त्यायनं नाई घेतला. म्या तं देला ना.”

दीपमालाने तोंड फिरवलं आणि बंद शाळेकडे बघत उभी राहिली. कडूबा चुलीजवळून म्हणाला, “पायलं बाई? असंच हाये रोजचं.”

“फेब्रुवारीत मोजाले येते ना ही पोरगी?” सुभद्राबाईने विचारलं.

“हो. पण त्याला अजून थंडी जायची आहे सगळी.”

“गोधडी हाये.”

बाईंनी तिचा हात हातात घेतला. सांगण्यासारखं त्यांच्याजवळ पुष्कळ होतं. एक माणूस लिहून शाळा येत नाही. कुलूप लावलेल्या घरांवरून कोणी प्रस्ताव करत नाही. तुम्ही राहिलात काय आणि गेलात काय, त्या रकान्याला फरक पडणार नाही. हे सगळं खरं होतं आणि त्यांना अचूक माहीत होतं. पण एकदा याच घरासाठी त्यांनी खरं सोडून सोयीचं लिहिलं होतं, आणि आता या बाईला तुझं खरं सोड असं म्हणायला त्यांची जीभ वळेना.

“सांगा ना तिले,” कडूबा म्हणाला. चहा उतू जात होता, त्याचं लक्ष नव्हतं. “तुमी तं बाई होत्या आमच्या. आमाले सगळं तुमीच शिकवलं.”

“काय सांगू, कडूबा,” बाई म्हणाल्या.

दीपमालाने नाल्याकडे बघून वर डोंगराकडे आभाळ भरल्याचं सांगितलं. आत्ताच निघायला पाहिजे होतं, नाहीतर पाणी वाढतं. बाई उठायला गेल्या तर गुडघा धरला. दीपमालाने एका बाजूने आणि कडूबाने दुसऱ्या बाजूने धरून त्यांना उभं केलं. सुभद्राबाई बाजेवरूनच म्हणाली, सावकाश जा, दगडं सरकतेत. बाई हो म्हणाल्या, आणि दोघांच्या आधाराने नाल्याकडे चालू लागल्या.